काचेच्या गोट्या आणि एक पिंप

साठी उलटलेला, लग्न न केलेला, घरात मूलबाळ नसलेला माणूस खेळण्यांच्या दुकानातून पिशवीभर काचेच्या गोट्या घेऊन बाहेर पडला, तर बघणाऱ्याच्या पोटात दुखणारच. माझ्या तर फारच दुखलं. या बाबतीत माझं पोट नाजूक आहे. कळलेली बातमी त्यात राहत नाही आणि न कळलेली त्याला सोसत नाही.

माणूस अगदी ओळखीचा. आमच्या भागातला पिंपवाला. लाकडी पिंपं बनवायची, गळकी नीट करायची, हा त्याचा बापापासूनचा धंदा. हात फावड्यासारखे, बोलणं मोजकं आणि नजर कायम एखाद्या फटीवर. तुमच्याशी बोलत असला तरी तुमच्या मागच्या दरवाज्याची फळी बघत असतो. अशा माणसाला लग्नासाठी मुलगी बघायला नेलं, तेव्हा त्यानं म्हणे तिच्या घरचं कपाट बघितलं आणि बिजागरी घट्ट करून परत आला. ही गोष्ट मी पंचवीस वर्षं सांगतोय. खरी असेलही.

मी गोट्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, "लागतात." झालं. एवढ्यावर कोणी गप्प बसेल का? मीही बसलो नाही.

माझा धंदा व्हॅनचा. आमच्याकडे टेकड्यांच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत आणि मळ्यांना चिकटून घरगुती म्हणाव्यात अशा लहान लहान वायनऱ्या. शनिवार-रविवारी शहरातली माणसं चाखायला येतात. चाखल्यावर त्यांनी गाडी चालवू नये म्हणून मी. मी स्वतः कामावर असताना थेंबही घेत नाही. फक्त वास घेतो आणि बातम्या घेतो.

माझी फेरी ठरलेली. पहिल्या वायनरीचा मालक ग्लासात दोन घोट ओततो आणि मातीवर भाषण सुरू करतो. भाषण संपेपर्यंत गार वाइन कोमट होते आणि पाहुणे गार पडतात. दुसरीकडे एक कुत्रा आहे, तो इतका प्रेमळ की माणसं वाइन विसरून त्याचेच फोटो काढतात. मालक मनातून त्याच्यावर जळतो. तिसरीकडे भिंतभर पदकं. आणि सगळ्यात शेवटी मी सगळ्यांना आणतो वहिनींकडे.

वहिनी म्हणजे माझ्या जिवलग मित्राची बायको. मित्र आता नाही. त्याला आम्ही एक्सप्रेस म्हणायचो, कारण हा गडी कुठंच थांबायचा नाही. जेवायला बसला की आमचं ताट वाढून होईपर्यंत याचं हात धुऊन झालेलं. सगळ्यांच्या मळ्यात द्राक्षं अजून पिकायची असत, तेव्हा याची तोडणी सुरू. "अरे, आठवडाभर थांब, गोडी भरू दे," असं शेजारी सांगून थकले. त्यामुळे त्याची वाइन जन्मभर आंबटसर झाली. त्यालाच तो "माझी धाटणी" म्हणायचा. आम्ही त्याला "तुझी घाई" म्हणायचो.

त्यांची टेस्टिंग रूम म्हणजे पूर्वीची ट्रॅक्टरची खोली. जमिनीवर अजून तेलाचा एक काळा डाग आहे. घासून जाईना, तेव्हा वहिनींनी त्यावर टेबल ठेवलं. एक जुना दरवाजा आडवा टाकून केलेलं काउंटर, त्याच्या कडेला कुलपाचं भोक तसंच. एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या. कोपऱ्यात ग्लास धुवायचं बेसिन आणि चाखून थुंकणाऱ्यांसाठी पांढरं, कडेला टवके उडालेलं भांडं. नवखे लोक त्या भांड्याकडे बघून लाजतात. वहिनी सांगतात, "लाजू नका. ज्यांना कळतं ते थुंकतात, ज्यांना आवडतं ते गिळतात. दोघांचंही इथं स्वागत आहे."

आणखी एक. बाकीच्या ठिकाणी ओतणारा आधीच सांगून मोकळा होतो की हिच्यात याचा वास आहे आणि त्याची चव आहे. मग पाहुणेही माना डोलावतात, न डोलावून करतात काय. वहिनी काहीच सांगत नाहीत. ओततात, समोर हात बांधून उभ्या राहतात आणि विचारतात, "काय आठवलं?" त्यावर माणसं काय काय बोलतात! एकदा एका जाडजूड वकिलाला शाळेतली खडूची पेटी आठवली. एका बाईला सासूच्या कपाटाचा खण आठवला आणि त्या बाई पुढं अर्धा तास सासूबद्दल बोलल्या. चांगलंच बोलल्या, म्हणून माझा जरा हिरमोड झाला.

तर गोट्या. त्या गोट्यांचा माग काढत मी पोचलो तो नेमका वहिनींच्याच तळघरात. व्हॅनच्या किल्ल्या हरवल्याचं निमित्त केलं आणि जिना उतरलो. खाली काय दिसावं? पिंपवाला बाह्या सरसावून एका आडव्या, लहानशा पिंपापाशी उभा. पिंपाच्या पोटावरचं बूच काढलेलं. स्वच्छ फडक्यावर धुतलेल्या गोट्या ओळीनं मांडलेल्या. तो एक उचलायचा, दिव्यासमोर धरून बघायचा आणि भोकातून हळूच आत सोडायचा. टुबुक. वहिनी बॅटरी धरून उभ्या. पुन्हा टुबुक.

मी इतका चकित झालो की किल्ल्या खिशातून काढून स्वतःच "सापडल्या" म्हणालो.

सगळा उलगडा नंतर वहिनींच्या लेकीनं केला. वायनरीचं कामकाज आता तीच बघते, शिकून आलेली आहे. एक्सप्रेसनं आयुष्यातली शेवटची तोडणी केली, ती वाइन या पिंपात भरली, बूच ठोकलं आणि पंधरवड्याच्या आत झोपेतच गेला. जातानाही थांबला नाही. बाकीची पिंपं लेकीनं वेळेवर बाटल्यांत भरली, विकली. या एकाला वहिनींनी हात लावू दिला नाही.

लेक दर वर्षी म्हणायची, "आई, आता बाटल्या भरू या."

वहिनींचं उत्तर ठरलेलं. "बाटलीत भरलं की संपायला लागतं."

पण पिंपातलंही संपतंच, हीच तर गोम. लाकूड वाइन पितं. रोज थोडी थोडी हवेत जाते, वर मोकळी जागा होते, त्या जागेत हवा शिरते आणि हवा लागली की वाइनचं व्हिनेगर. म्हणून सगळे वायनरीवाले मधून मधून दुसऱ्या पिंपातली वाइन ओतून ती जागा भरून काढतात. वहिनी म्हणाल्या, नाही. यात त्यांच्या हातची आहे, दुसऱ्या हातचा थेंब पडायचा नाही. लेक रडली, चिडली, तिनं विज्ञान सांगितलं. वहिनी ढिम्म.

तेव्हा बाहेर पिंपांना पट्ट्या ठोकत बसलेला हा मुका माणूस पहिल्यांदा बोलला. म्हणाला, वाइन वाढवता येत नसेल तर पातळी वाढवू. काच काही पीत नाही आणि काही देतही नाही. मग घरच्या पातेल्यात गोट्या उकळून, वाळवून, फडक्यात बांधून घेऊन आला. तेव्हापासून येतोच आहे. जेवढी वाइन उडेल तेवढ्या गोट्या आत. एक मात्र वहिनींनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, चाखायची नाही. कोणीच नाही, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. चाखली तर तेवढी कमी होणार. त्यामुळे गंमत अशी, की पाच वर्षं तो जे राखत होता ते वाइन आहे की व्हिनेगर, हे त्याला ठाऊक नव्हतं, वहिनींना नव्हतं, कोणालाच नव्हतं.

घरी येऊन मी हे सगळं तिखटमीठ लावून आमच्या हिला सांगितलं. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मग कधी विचारणार आहे तो तिला?"

मी म्हटलं, काहीतरीच काय. बिचारा मित्राच्या आठवणीखातर करतोय. तो आणि एक्सप्रेस एका वर्गात होते.

"तुम्हीही होतात त्याच वर्गात. तुम्ही किती गोट्या टाकल्यात?"

मी एक लसूण सोलायला घेतला. मग मात्र मी नीट लक्ष ठेवायला लागलो आणि मला एक गोष्ट दिसली, ती इतक्या वर्षांत माझ्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. पोस्टमन म्हणतो, दूधवाला म्हणतो, त्यांच्याहून मोठा मीसुद्धा म्हणतो. हा म्हणत नाही. हा काहीच म्हणत नाही. त्यांच्याशी बोलायचं झालं की आधी खाकरतो. त्या मात्र मोकळेपणानं "अहो पिंपवाले" म्हणून हाक मारतात, हातात टॉवेल देतात, जाताना डब्यात काहीबाही घालून देतात आणि लेकीच्या डोळ्यांत बघत नाहीत.

मी लेकीला एकदा खोदून विचारलं. ती हसली. म्हणाली, "काका, ते पिंप आहे तोवर दोघांचं बरं चाललंय. पिंपासाठी ते येतात आणि पिंपामुळेच पुढं सरकत नाहीत. बाबांची राखण करणारा माणूस बाबांच्याच बायकोला काय विचारणार?" शिकलेली मुलगी. पण हे काही ती कॉलेजात शिकली नसणार.

असं किती वर्षं चाललं असतं, देव जाणे. पण या उन्हाळ्याच्या अखेरीस पिंप गळायला लागलं.

आधी खालच्या फळीवर नुसता ओलावा होता. मग जांभळी रेघ. मग जमिनीवर ताटलीएवढा डाग. पिंपवाला आला, पिंपाखाली आडवा झाला, बोटानं चाचपत बराच वेळ तसाच पडून राहिला. बाहेर आला तेव्हा चेहरा राखेसारखा. मी तिथंच होतो, या वेळी किल्ल्यांचं निमित्तही केलं नव्हतं.

तो खाकरला. "माझीच चूक आहे," म्हणाला.

चूक कसली, तर गोट्यांची. काच वाइनपेक्षा कितीतरी जड. पाच वर्षांच्या गोट्या तळाशी जाऊन बसल्या होत्या, सगळा भार खालच्या दोन फळ्यांवर. पिंप वाइनचं वजन पेलायला बनवलेलं असतं, काचेचं नाही. जन्मभर पिंपं केलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. कळतही असणार. पण गोटी सोडताना त्याचं लक्ष फळीकडे नव्हतं, असं माझं मत आहे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची नजर फटीवर नव्हती आणि नेमकी तिथंच फट पडली.

त्यानं पाचर ठोकली, मेण भरलं आणि म्हणाला, आठवडाभर निभेल. मग वाइन काढावीच लागेल.

वहिनींनी बॅटरी विझवली आणि जिना चढून गेल्या. त्या दिवशी डबा नाही, टॉवेल नाही. पिंपवाला पँटीला हात पुसत निघून गेला आणि मग आलाच नाही. मी त्याच्या शेडवर गेलो तर एका धडधाकट पिंपाच्या पट्ट्या उगाच काढून पुन्हा चढवत बसलेला. म्हटलं, जाऊन ये. तर म्हणाला, "कोणत्या तोंडानं?" मी म्हटलं, आहे त्याच, दुसरं कुठं मिळतंय. त्याला हसू आलं नाही. मलाही आलं नाही खरं तर.

रविवारी मी नेहमीसारखी माणसं घेऊन वहिनींकडे गेलो. एक नवं जोडपं, दोन बहिणी आणि एक निवृत्त मास्तर, जे प्रत्येक घोटानंतर घड्याळ बघत. खोलीत शिरलो तर काउंटरवर एकही बाटली नव्हती. काचेची लांब नळी होती, जिनं पिंपातून वाइन ओढून काढतात ती, आणि धुऊन लखलखीत केलेले ग्लास. लेक बाजूला नखं चावत उभी. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांना जरा बसू द्या. तुम्ही व्हॅन काढा आणि पिंपवाल्यांना घेऊन या. येत नाही म्हणाले तर सांगा, मी उघडत्ये, आणि ते नसताना उघडणार नाही."

मी त्या घाटात कधी एवढ्या वेगात गाडी हाणली नव्हती. एक्सप्रेसला अभिमान वाटला असता.

तो आला, भुसा झटकत, शर्टाची बटणं चुकीची लावून. आम्ही सगळे तळघरात उतरलो. पाहुण्यांनाही वहिनींनी येऊ दिलं. त्या बहिणींना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. वहिनींनी स्वतः बूच काढलं. नळी आत सोडली तेव्हा ती काचेवर खटखट वाजली, लगेच थांबल्या, थोडी वर घेतली, वाइन ओढली, ग्लासात सोडली. रंग विटकरी झाला होता. लेकीनं नाक पुढं केलं तर वहिनींनी ग्लास मागं घेतला. पहिल्यांदा त्यांनाच कळायला हवं होतं.

त्यांनी वास घेतला. घोट घेतला. तोंडात धरला आणि उभ्या राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि पिंपवाला जमिनीकडे.

मग वहिनींच्या नाकपुड्या थरथरल्या. मला वाटलं, गेली, व्हिनेगर झाली. आणि वहिनी हसायला लागल्या. हसता हसता भिंतीचा आधार घेतला, डोळ्यांतून पाणी, आणि तरी हसतायत.

"आंबट आहे," म्हणाल्या. "मेली अजूनही आंबटच आहे. पाच वर्षं वाट बघितली, पण त्यांची घाई काही गेली नाही हिच्यातून."

लेकीनं ग्लास हिसकावूनच घेतला. चाखलं आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाबा, एवढंच म्हणाली. वाइन होती ती. थकलेली, थोडी उतरलेली, पण वाइन.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि ओतायला घेतलं. बाटल्या भरायच्या नाहीत, म्हणाल्या. जे येतील त्यांना आज इथंच द्यायची, संपेपर्यंत. लेकीनं शेजारपाजारी फोन केले. भाषणवाला मालक आला आणि ग्लास हातात पडल्यावर चक्क गप्प राहिला. कुत्रेवाला कुत्र्यासकट आला. पदकवाल्यानं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, मग कुठली आहे हे कळल्यावर दुसरा मागितला. मास्तरांनी घड्याळ खिशात ठेवलं. खोलीत सगळे एक्सप्रेसच्याच गोष्टी सांगत होते, त्यांतल्या निम्म्या मी पसरवलेल्या. नव्या जोडप्यातली मुलगी बुजत बुजत म्हणाली, जरा आंबट लागते, नाही?

"हो ना," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "तशीच होती त्यांची."

मी फक्त वास घेतला. पाहुणे परत न्यायचे होते. पण वासावरूनही मला तो घामेजल्या टोपीत मळ्यातून पळत येताना दिसला, आणि मी खिडकीबाहेर बघायला गेलो.

संध्याकाळ होता होता माणसं पांगली. माझी मंडळी व्हॅनमध्ये जाऊन बसली. मी टोपी विसरलो होतो म्हणून परत आलो. खरंच विसरलो होतो, तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका. खोलीत दोघंच होती. पिंपवाल्यानं दिवसभर ग्लास धुतले होते, स्वतः घोटही घेतला नव्हता. वहिनींनी तळाशी उरलेली, गढूळ, एवढीशी वाइन ग्लासात ओतली आणि त्याच्यापुढं सरकवली.

त्यानं ग्लास दोन्ही हातांत धरला. प्याला.

"कशी आहे?" वहिनींनी विचारलं.

"आंबट."

"तोंडदेखलं तरी चांगलं म्हणायचं."

"तुमच्याशी कशाला खोटं बोलू," तो म्हणाला. आणि मग, न खाकरता, "मी त्या पिंपासाठी येत नव्हतो."

वहिनींनी काउंटरवरचा ओला डाग फडक्यानं पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

"ते काय मला कळत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "पण ते आत होते ना. त्यांच्यादेखत कसं बोलायचं?" जरा थांबून म्हणाल्या, "अहो, बसा तरी. सकाळपासून उभेच आहात."

पिंपवाले म्हणाल्या नाहीत. नुसतं अहो. मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

तो कुठल्या खुर्चीवर बसला, काय बोलला, हे मला सांगता येणार नाही. मी टोपी न घेताच बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं. घरी गेल्यावर आमची ही दारातच उभी होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुढं काय झालं?"

म्हटलं, माहीत नाही.

"म्हणजे? तुम्ही होतात ना तिथं?"

होतो, पण निघालो.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.